शारजाचा थांबा, जुहूचे मैदान आणि जे. आर. डी. टाटा



दुबई-शारजात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना विमानाचे अप्रूप आता राहिलेले नाही. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की बॅगा भरायच्या, वजनकाट्यावर दोन किलो इकडचे तिकडे करायचे आणि तीन तासांत मुंबई. विमान उतरताना आपण पट्टा बांधतो, खिडकीतून झोपडपट्टी आणि खाडी दिसू लागते आणि चाके जमिनीला टेकली की सगळे एकदम उभे राहतात! पण हे विमान नेमके त्याच बाजूने का आले, एक मोठे वळण घेऊन मगच का उतरले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या वेळी आम्ही ज्या माणसाबद्दल लिहीत आहोत त्याने हा विचार आयुष्यभर केला. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी. उद्योगपती म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांना जाऊन तीन दशके उलटून गेली, तरी त्यांचे नाव घराघरात माहीत आहे. आम्हाला मात्र इथे त्यांच्यातला वैमानिक सांगायचा आहे, कारण त्याच्या गोष्टीचा एक धागा थेट शारजापर्यंत येतो.

किनाऱ्यावर उतरणारी विमाने

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले सहकारी. आई सुझान फ्रेंच. त्यामुळे जेआरडींचे बालपण फ्रान्स आणि मुंबई यांच्यामध्ये विभागलेले गेले. घरातली भाषा फ्रेंच, नाव पारशी, सुट्टी एका देशात तर शाळा दुसऱ्या देशात. परदेशात मुले वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे गाव आहे. तिथे टाटांचे सुट्टीतले घर होते आणि जवळच लुई ब्लेरिओचेही घर होते. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. तेव्हा त्या भागात विमानतळ वगैरे काही नव्हते. विमाने थेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरत. लहानगा जेआरडी ती पाहत उभा राही. पंधराव्या वर्षी त्याला अशाच एका विमानात बसून फेरी मारायला मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचे हे त्याने मनाशी ठरवून टाकले. ती इच्छा पूर्ण व्हायला मात्र आणखी दहा वर्षे जावी लागली.

मध्यंतरी आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्यामुळे जेआरडींना तिथल्या सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. १९२५ च्या अखेरीस वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून टाटांच्या कचेरीत बसवले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बाविशीतल्या तरुणावर चार भावंडांची आणि कर्जाची जबाबदारी पडली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर होण्याचे स्वप्न तिथेच संपले. कॉलेजची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही आणि ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

१९२९ साली मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्याचे कळताच ते जुहूला पोहोचले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हातात वैमानिकाचा परवाना पडला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, आणि त्यावरचा क्रमांकही होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

उतरायचे कसे?

इथे थोडे थांबून त्या काळी विमान उतरवणे म्हणजे काय होते ते पाहू.

अमेरिकेतल्या राइट बंधूंनी डिसेंबर १९०३ मध्ये पहिले उड्डाण केले ते सरळ रेषेत. उडायचे, पुढे जायचे आणि समोर जिथे जमेल तिथे टेकायचे. जिथून निघालो तिथेच परत यायचे तर पूर्ण वळण घेता आले पाहिजे. ते जमले २० सप्टेंबर १९०४ रोजी. ओहायो राज्यातल्या एका गवताळ कुरणावर विल्बर राइटने आकाशात पहिले पूर्ण वर्तुळ काढले आणि तो निघाल्या जागी परत आला. विमानतळाभोवती घातल्या जाणाऱ्या फेरीची सुरुवात म्हणायची तर ती ही.

फेरी कशासाठी? पहिले कारण वारा. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरते. समजा, विमानाला हवेत तरंगत राहायला ताशी ८० किलोमीटरचा वेग लागतो आणि वारा २५ चा आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरले तर जमिनीच्या हिशेबाने वेग राहतो ५५. वारा पाठीवर घेऊन उतरले तर तोच वेग होतो १०५! पहिल्या प्रकारात विमान थोड्या जागेत थांबते आणि दुसऱ्या प्रकारात मैदान ओलांडून कुंपणात जाते. तेव्हाच्या हलक्याफुलक्या विमानांना ब्रेकही धड नसत, त्यामुळे हा फरक जीवन-मरणाचा असे.

पण वारा कुठून आहे हे सांगणार कोण? विमानात रेडिओ नव्हता. म्हणून वैमानिक आधी मैदानावर यायचा, खाली काठीला लावलेली कापडी बाही कुठे फुगली आहे ते बघायचा, ती नसेल तर एखाद्या चुलीचा धूर बघायचा, मैदानात गुरे शिरलेली नाहीत ना याची खात्री करायचा आणि मग फेरी पूर्ण करून वाऱ्याला सामोरा येऊन उतरायचा.

विमाने वाढली तसा दुसरा प्रश्न आला. दोन विमाने एकाच वेळी फेरी घालू लागली आणि एक या बाजूने, दुसरे त्या बाजूने आले तर? पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिले गेले की मैदानाभोवतीची फेरी डावीकडे वळत घालायची, म्हणजे उतरायची जागा सतत वैमानिकाच्या डाव्या हाताला राहील. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. विमानाची प्रदक्षिणा त्याच्या बरोबर उलटी! आजही जगभरातल्या लहान विमानतळांवर, वेगळी सूचना नसेल तर, डावी फेरी हाच नियम आहे.

सुरुवातीची मैदाने म्हणजे मोठे मोकळे पटांगण असे. वारा कुठूनही आला तरी त्या दिशेला तोंड करून उतरता येई. पुढे विमाने जड झाली, त्यांना पक्की धावपट्टी लागली आणि गोल फेरीची चौकोनी फेरी झाली. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचे, मग एक वळण, मग दुसरे वळण आणि सरळ समोर धावपट्टी. मोठ्या विमानतळांवर हे सगळे आता मनोऱ्यातून आणि रडारवरून चालते, पण वाऱ्याचा हिशेब तोच आहे. दुबईच्या धावपट्ट्या वायव्य-आग्नेय दिशेत आहेत त्याही याच कारणाने. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की विमाने वाळवंटाच्या बाजूने येऊन समुद्राकडे तोंड करून उतरतात. रात्री-पहाटे जमिनीवरून वारा वाहू लागला की ती समुद्राकडून येतात. गच्चीतून मुलांना हे जरूर दाखवा.

बक्षीस गेले, मित्र मिळाला

१९२९ च्या अखेरीस आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. कुठल्याही टोकाकडून निघायची मुभा होती. जेआरडी १९३० च्या मे महिन्यात आपले जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. त्याच सुमारास अ‍ॅस्पी इंजिनिअर हा अवघा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे यायला निघाला होता.

जेआरडींचा मार्ग मकरान आणि इराणच्या किनाऱ्याने होता. आखाताच्या आपल्या, म्हणजे अरब बाजूला, तेव्हा शारजाचा थांबा नव्हता.

इजिप्तमध्ये अबुकीर इथे जेआरडी उतरले तेव्हा अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते आणि तिथे मिळत नव्हते. जेआरडींकडे जादा प्लग होते. दोघेही त्याच स्पर्धेत होते. प्लग दिले नसते तर कुणी दोष दिला नसता. पण एकाच वाटेवरचा वैमानिक अडला आहे एवढेच जेआरडींनी पाहिले आणि प्लग देऊन टाकले. अ‍ॅस्पीने त्या बदल्यात आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशेने निघाले आणि अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला.

हाच अ‍ॅस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलात गेला आणि १९६० साली हवाई दलप्रमुख झाला. ते बक्षीस हरल्याचे दुःख जेआरडींनी कधी केले नाही.

शारजाचा करार

आता आपल्या गावाकडे येऊ. ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज ही कंपनी १९२९ पासून लंडन ते कराची विमानसेवा चालवत होती. विमाने इराणच्या किनाऱ्यावरून जात. पण इराण सरकारशी झालेला करार संपत आला आणि त्याला मुदतवाढ मिळेना. मार्ग अरब किनाऱ्याला आणणे भाग पडले. तेव्हाची विमाने एका दमात फार लांब जाऊ शकत नव्हती, म्हणून बहारीन आणि ग्वादर यांच्या मध्ये एक थांबा हवा होता.

शारजाचे शासक शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांनी जुलै १९३२ मध्ये कंपनीशी करार केला. कंपनीला विमाने उतरवायला सपाट जागा मिळाली आणि शारजाला भाडे. ते भाडे ठरले होते भारतीय रुपयांत! या किनाऱ्यावर तेव्हा रुपयाच चालत असे. प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी भक्कम विश्रांतीगृहाची इमारत बांधली गेली आणि पहारेकरी शेखांनी पुरवले.

ऑक्टोबर १९३२ च्या पहिल्या आठवड्यात इम्पीरियल एअरवेजचे पहिले विमान शारजाच्या वाळूवर उतरले. हँडली पेज जातीची ही विमाने म्हणजे चार इंजिने आणि एकावर एक असे दुहेरी पंख असलेली अवाढव्य धुडे होती. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. आज शेख झायेद रोडवर काही मंडळी याच्या जवळपास जातात, पण तो विषय वेगळा! लंडनहून निघालेले टपाल बसरा, कुवेत, बहारीन, शारजा आणि ग्वादर असे टप्पे घेत आठवडाभरात कराचीला पोहोचू लागले.

पण कराचीच्या पुढे काय? मुंबई, मद्रासची पत्रे तिथून आगगाडीत चढत. विमानाने वाचवलेला वेळ रुळांवर खर्च व्हायचा. ही अडचण दोन माणसांच्या डोक्यात घर करून बसली होती.

१५ ऑक्टोबर १९३२

नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक. कराचीपासून दक्षिणेकडे टपाल विमानाने न्यावे ही योजना घेऊन तो टाटांकडे आला. जेआरडींना ती लगेच पटली. पण टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा नव्या धंद्यात पैसे घालायला उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले आणि दोन लाख रुपये मंजूर झाले.

सरकारचे मन वळवणे त्याहून अवघड गेले. मंदीचे दिवस होते आणि सरकार अनुदान द्यायला तयार नव्हते. प्रस्ताव लटकत राहिला. शेवटी टाटांनी अनुदानाचा आग्रहच सोडला. जेवढे टपाल नेऊ तेवढ्याचे पैसे द्या, एवढ्यावर १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला. दोराबजी मात्र जूनमध्येच वारले. पहिले उड्डाण त्यांना पाहता आले नाही.

कंपनी केवढी? दोन पुस मॉथ विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे. पुस मॉथ म्हणजे एक इंजिन, लाकूड-कापड-नळ्यांचा सांगाडा आणि दोन-तीन माणसांपुरती जागा. रेडिओ नाही, रस्ता दाखवणारी यंत्रणा नाही. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ हाच नकाशा.

शनिवार, १५ ऑक्टोबर १९३२. शारजाच्या वाळूवर पहिले विमान उतरून दोन आठवडेही झाले नव्हते. पहाटे साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून उड्डाण केले. सोबत टपालाचे सुमारे २५ किलोचे ओझे. लंडनचे टपाल आता शारजाच्या बाजूने येऊ लागले होते, म्हणजे आपण आज राहतो त्या किनाऱ्यावर रात्रीचा मुक्काम करून आलेल्या पत्रांसाठीच ही पुढची वाट उघडली जात होती.

कच्छचे रण ओलांडून ते अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोल आले बैलगाडीतून! डबे उघडून टाकी भरली गेली आणि विमान पुन्हा आकाशात. दुपारी दोनच्या आत ते जुहूवर पोहोचले. टपाल उतरवून घेतले गेले आणि मद्रासचा भाग घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या विमानातून बेल्लारीकडे निघाला. रात्री तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी टपाल मद्रासला पोहोचले.

भारताच्या नागरी विमानसेवेची सुरुवात ही अशी झाली. ना बँडबाजा, ना झेंडे. एक माणूस, एक इंजिन आणि पत्रांची थैली.

आपल्यापैकी जे सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आले त्यांना निळ्या आंतरदेशीय आणि हवाई पत्रांची किंमत वेगळी सांगायला नको. आईचे पत्र यायला पंधरा दिवस लागायचे आणि उत्तर पोहोचेपर्यंत घरातला प्रसंग होऊन गेलेला असायचा. त्या थैलीतले वजन किलोत मोजून कळत नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

जुहूचा पावसाळा

ही सेवा खरी कसोटीला लागली ती पावसाळ्यात. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची सखल, चिखलाची जमीन. पावसात तिचे तळे होई आणि तिथे उतरणे अशक्य बने. मग दर वर्षी पावसाळ्यापुरता टाटांचा मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलत असे.

आपण पुण्या-मुंबईची माणसे. आषाढात घाटावर ढग कसे उतरतात हे आपल्याला माहीत आहे. खंडाळ्यात समोरची गाडी दिसत नाही म्हणून दिवे लावून जावे लागते. त्या ढगांतून रेडिओशिवाय, एका इंजिनाच्या भरवशावर विमान न्यायचे, डोंगर कुठे संपला हे अंदाजाने ठरवायचे आणि ढगाला भोक दिसले की खाली येऊन मैदान शोधायचे. मैदान सापडले तरी फेरी चुकवायची नाही. वारा बघायचा, जमीन बघायची आणि मग उतरायचे. घाई केली की संपले.

पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल अंतर कापले, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल नेले. पावसाळ्यातही टपाल वेळेवर पोहोचत राहिले. त्या वर्षाचा नफा होता ६०,००० रुपये. ज्या सरकारने अनुदान नाकारले होते त्याच सरकारच्या हवाई खात्याने या वक्तशीरपणाचे अहवालात कौतुक केले.

१९३८ साली चौतिसाव्या वर्षी जेआरडी सगळ्या टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले तो व्हिन्सेंट मात्र १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, इंग्लंडहून परत येताना विमानासह फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसा झाला. कंपनीची पुढची भरभराट पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

महाराजा

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच वर्षी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातून झुबकेदार मिशांचा महाराजा जन्माला आला. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. कंपनीची लंडनला जाणारी ही पहिली सेवा. जेआरडी त्या विमानात होते. सोळा वर्षांपूर्वी लंडनची पत्रे कराचीहून पुढे नेणारा माणूस आता स्वतःच्या कंपनीच्या विमानाने लंडनला उतरत होता.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हा निर्णय पटलेला नव्हता, त्याहून तो ज्या पद्धतीने झाला ती पटलेली नव्हती. पण पंडित नेहरूंनी विनंती केल्यावर त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे पगार न घेता सांभाळले. विमानात बसले की त्यांच्या हातात वही असे. पडद्यांचा रंग, चहाची चव, काउंटरवरची धूळ, कर्मचाऱ्याची वागणूक, सगळ्याच्या नोंदी होत आणि उतरल्यावर संबंधितांना चिठ्ठ्या जात. त्या काळी जगातल्या उत्तम कंपन्यांत एअर इंडियाचे नाव घेतले जाई ते उगाच नाही.

१९७८

यापुढचा भाग लिहिताना आम्हाला जड जाते. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातले २१३ जण गेले. आखातात नोकरीसाठी येणारी, सुट्टीहून परतणारी आपलीच माणसे त्यात होती. या किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींत ती रात्र आजही कुणी विसरलेले नाही.

चौकशीत कारण पुढे आले. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे एक उपकरण बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कॅप्टनने त्या उपकरणावर विश्वास ठेवला, इतर उपकरणांशी वेळेत ताडून पाहिले गेले नाही आणि विमान नको त्या बाजूला कलत गेले. जेआरडींच्या पिढीचे वैमानिक डोळ्यांना दिसेल त्यावर उडायचे. यंत्रे आली, रात्रीचे उड्डाण सुरक्षित झाले, पण दिसते ते खरे आहे का हे दुसऱ्यांदा बघण्याची गरज संपली नाही, हे त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

त्यानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. निर्णयाची बातमी त्यांना सरकारकडून आधी कळली नाही. ज्यांना त्यांच्या जागी नेमले होते त्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून ती समजली. जी कंपनी त्यांनी दोन विमानांवर उभी केली तिथून पंचेचाळीस वर्षांनी असे जाणे कोणालाही लागले असते. काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. जेआरडींनी मात्र आदळआपट केली नाही. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले, तेही त्यांनी मान्य केले. अध्यक्षपद परत मिळाले नाही.

पुन्हा जुहूला

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी ठरवले की कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा करायचे. पुस मॉथ मिळेना, म्हणून त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ घेतले. वाटेत अहमदाबादचा थांबा तसाच ठेवला. एक इंजिन, एकटा वैमानिक आणि तोच किनारा. तरुण पिढीला जरा उमेद यावी एवढाच हेतू होता. दुपारी ते जुहूला आले, मैदानाभोवती वळण घेतले आणि व्यवस्थित उतरले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, आईवडिलांच्या शहरातल्या जुन्या ओळखीच्या मातीत, त्यांना ठेवण्यात आले. मुंबईचा हा माणूस जन्माने आणि मरणाने परदेशातला. मधली एकोणनव्वद वर्षे त्याचे घर कुठे होते याबद्दल मात्र कुणाला शंका नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ते पाहायला ते नव्हते.

आणि शारजाचे काय झाले?

शारजाचा तो विमानतळ पुढे कितीतरी वर्षे चालला. १९७७ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यावर जुना बंद झाला. शहर वाढत वाढत त्याच्या चहूबाजूंनी पसरले. पण खुणा गेल्या नाहीत. शारजातला किंग अब्दुल अझीझ रोड म्हणजे जुनी धावपट्टी! तो रस्ता इतका सरळ का आहे याचे उत्तर हे. रोज त्याच्यावरून किराणा आणायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

जुनी इमारत आणि मनोरा जपून तिथे २००० साली अल महत्ता संग्रहालय उघडण्यात आले. जुनी विमाने तिथे जवळून बघता येतात आणि त्या विश्रांतीगृहाच्या भिंतीही पाहता येतात. १९३७ मध्ये याच थांब्यावर एक माहितीपटही निघाला होता.

तेव्हा मंडळी, एखाद्या शुक्रवारी किंवा शनिवारी मॉलऐवजी मुलांना तिथे घेऊन जा. संग्रहालयाची वेळ आधी बघून घ्या. मुलांना सांगा की आजी-आजोबांच्या गावाकडे जाणारी पत्रे एकेकाळी इथे रात्रीचा मुक्काम करायची, आणि कराचीला त्यांची वाट बघत एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण आपले छोटे विमान तयार ठेवून उभा असायचा. पुढच्या वेळी मुंबईत उतरताना विमानाने मोठे वळण घेतले आणि कुणी कंटाळून कधी उतरणार म्हणून विचारले, तर सांगायला आपल्याकडे एक गोष्ट आहे.